सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी

संपादकांचं पत्र आलं, की तुम्ही आयुष्यभर रहस्यकथा वाचल्यात, चार-दोन लिहिल्यातही, तर दिवाळी अंकासाठी त्या वाचनाबद्दल काही लिहा. मी म्हटलं, बरा सापडलो! वाचनाबद्दल लिहायचं तर पोटापाण्याबद्दलही लिहावं लागणार, कारण माझं वाचन आणि माझं पोट ही दोन्ही एकाच झाडाखाली बसत. ते झाड करंजाचं. आमच्या मावळात तालुक्याच्या कचेरीसमोर ते होतं आणि त्याखाली एक सतरंजी, एक उतरती पेटी, दोन दौती आणि मी, असा सव्वीस वर्षांचा संसार होता.

मी परवान्याचा अर्जनवीस. शहाणी माणसं बाँडरायटर म्हणायची, खेड्यातली ‘लिवनारा भाऊ’. ज्याला लिहिता येत नाही आणि वकील परवडत नाही, त्यानं आमच्याकडे यायचं. तो बोलणार, मी ऐकणार, मग ते बोलणं कचेरीला कळेल अशा मराठीत उतरवणार, त्याला वाचून दाखवणार, अंगठा घेणार. तळाशी एक ओळ लिहायची: ‘सांगणाराने सांगितल्याप्रमाणे लिहिले, वाचून दाखविले, कबूल आहे.’ त्याखाली माझी सही. आमचा सगळा धंदा त्या एका ओळीवर चाले. ती खोटी निघाली तर परवाना जप्त.

आता कचेरीची मराठी म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगूनही पटणार नाही. बाई सांगायची, “मुडद्याची गुरं माज्या वावरात घुसली न् समदा भुईमूग खाऊन गेली.” मी लिहायचो, ‘सदरहू इसमाचे जनावरांनी अर्जदाराचे मालकीचे शेतात शिरून उभ्या पिकाची नासधूस केली.’ मुडदा गेला, तळतळाट गेला. एक म्हातारी तर हटूनच बसली होती, “म्या दिलेल्या शिव्या घाला आदी, न्हाईतर अंगठा देत न्हाई.” शेवटी मी ‘अर्जदार अत्यंत व्यथित आहे’ असं लिहिलं आणि त्यात सगळ्या शिव्या आल्या म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, “समद्या? त्या भाड्याची पन?” मी म्हटलं, “ती तर पहिलीच.” तेव्हा कुठे अंगठा उठला.

इंदुरीचे एक आबा शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध अर्ज घेऊन आले. कोंबडा अवेळी आरवतो, झोप लागत नाही. मला त्यात रंग भरायची हुक्की आली. ‘सदर कोंबडा अर्जदाराचे खिडकीखाली येऊन हेतुपुरस्सर व द्वेषबुद्धीने आरवतो’ असं मी लिहून दिलं. मामलेदारसाहेबांनी मला आत बोलावलं. हेच साहेब आमच्याकडे मॅजिस्ट्रेटही होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, “कोंबड्याची द्वेषबुद्धी म्हातारा बोलला की तुम्ही?” मी खाली बघितलं. “पुन्हा पदरचं काही घातलंत तर परवाना इथं टेबलावर आणून ठेवायचा.” बाहेर येऊन मी हसलो खरा, पण कोंबड्याचा अर्ज मुकाट्यानं नव्यानं लिहून दिला.

या हुक्कीचं मूळ माझ्या वाचनात होतं. त्या काळी डिटेक्टिव्ह गोष्टींची बारकी पुस्तकं दरमहा निघत. लोणावळ्याच्या स्टेशनावरून एक ओळखीचा गार्ड ती मला आणून द्यायचा. अर्जांच्या गठ्ठ्याखाली ठेवून मी वाचायचो. गिऱ्हाईक आलं की गठ्ठा सरकायचा आणि खुनी तसाच अर्धवट पकडलेला राहायचा. खोटं कशाला बोलू, पहिल्या पानावर खून पडला की मला फार बरं वाटायचं. माणूस मेल्याचा आनंद नव्हे हो! आता सगळं नीट उलगडणार, एकही धागा लोंबत राहणार नाही, याचा आनंद. कचेरीसमोर बसून मी दिवसभर लोंबते धागेच बघत असे.

त्या पुस्तकांतली मराठी मात्र अजब होती. मुंबईच्या डॉकवरचा दरोडेखोर पकडला गेला की म्हणायचा, “अरेरे! अखेर आपण मला ओळखलेत तर!” असं बोलणारा चोर मी अजून पाहिलेला नाही. आमच्याकडचा चोर पकडला गेला की म्हणतो, “म्या न्हाई,” आणि पकडला गेला नाही तरी म्हणतो, “म्या न्हाई.” पुस्तकात सगळे पुणेरी बोलतात, सगळ्यांना आठवतं, आणि सगळ्यांकडे घड्याळ असतं. ‘मी सात वाजून बारा मिनिटांनी जिना उतरलो’ असं स्वयंपाकीसुद्धा सांगतो. मला त्याची इतकी चटक लागली, की मी रेल्वेचं वेळापत्रक विकत आणून पेटीत ठेवलं. गाडीनं जायचं कुठं नव्हतं. नुसता वाचत बसायचो आणि मनात माणसं या गाडीतून त्या गाडीत चढवायचो. स्वतःची एक गोष्टही लिहायला घेतली होती.

अशात एका मे महिन्यात धावजी आणि त्याची बायको चिमाबाई माझ्यासमोर येऊन बसली.

धावजी कुरवंड्याच्या वरच्या वाडीतला. कड्याकपारीतला मध काढायचा आणि उन्हाळ्यात हवा खायला आलेल्या शेटलोकांच्या बंगल्यांवर विकायचा. पस्तिशीचा, काटक, बोलायला अगदी कमी. भुशीकडच्या एका बंगल्यातून मुंबईच्या शेटजींचं सोन्याचं खिशातलं घड्याळ गेलं होतं. बंगल्यातला गडी म्हणाला, दुपारच्या जेवणानंतर मधवाला व्हरांड्यापाशी घोटाळत होता. झालं. धावजीला धरलं. घर झडलं, काही सापडलं नाही. पोलीसपाटलाच्या जामिनावर तो घरी आला होता आणि गुरुवारी खटला होता. कोर्टात देण्यासाठी त्याची कैफियत, म्हणजे त्याचं लेखी म्हणणं, लिहून हवं होतं.

बोलली ती चिमाबाईच. “भाऊ, ह्ये न्ह्यारी करून मध घिऊन बंगल्याव ग्येलं व्हतं. मध दिला न् माघारी फिरलं. गुरं पाण्याव उतरली तवा ह्ये घराव चढून पेंढा टाकत व्हतं. पाऊस तोंडाव आलाय, घर शाकारायचं व्हतं न्हवं? समद्या वाडीनं बगितलं. जेवनानंतर कुटलं? तवा ह्ये छपरावर.”

“बरं. आणखी?”

“आन् घड्याळ घिऊन आमी काय करावं वो? ह्यांला त्यातलं काय कळतंय? काटा कुटला न् आकडा कुटला ते बापजल्मात ठावं न्हाई. टांगून ठिवायचं का गाईच्या गळ्यात?”

मी हसलो. धावजीही थोडा हसला. ती मात्र हसली नाही. पदर सावरून म्हणाली, “भाऊ, आसं लिवा की ह्ये सुटलं पायजेत. लावनीला ह्ये घरी न्हाई आलं तर खाचरं पडीक राहत्याल. माज्या एकटीच्यानं चिखल व्हत न्हाई. मंग वर्सभर काय खायाचं?”

मी म्हटलं, “बाई, घोर करू नका.”

आणि मला खरंच वाटत होतं, की घोराचं कारण नाही. कारण ऐकता ऐकताच ती कैफियत माझ्या डोळ्यासमोर दिसायला लागली होती. हा तर सरळ पुस्तकातला मामला! अमुक वाजता आरोपी इथं, तमुक वाजता तिथं, मधलं अंतर इतकं, म्हणून त्यानं चोरी करणं अशक्य. मी वेळापत्रक काढलं.

“धावजी, बंगल्यावरून निघालास तेव्हा घाट चढून येणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकलीस का?”

“ऐकली आसंल. रोजच वाजती.”

“आणि घरी पोचलास तेव्हा?”

“तवा बी येखांदी वाजली आसंल की.”

मला एवढं पुरे झालं. न्याहारीचे मी नऊ वीस केले. बंगल्यातून परत फिरण्याचे दहा वाजून दहा. वाटेत तंबाखू मळायला थांबला त्याला पाच मिनिटं दिली. गुरं पाण्यावर उतरली त्याचे अकरा वाजून पाच. वाडीच्या दोन म्हाताऱ्यांनी छपरावर बघितलं त्याचे अकरा दहा आणि दोन पंचवीस. सगळं कसं चपखल बसलं. चिमाबाईचं ते काटा कुटला न् आकडा कुटला मी गाळलं. बाईमाणसाचं चऱ्हाट, कैफियतीत शोभत नाही, असं वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर त्यानं माझ्या मिनिटांची शोभा गेली असती.

शेजारी तात्या बसायचे, आमच्यातले जुने अर्जनवीस. त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “वा! कोर्टात कशाला देता, छापायला द्या.” मी ते कौतुक म्हणून घेतलं. मग चिमाबाईसमोर धावजीलाही वाचून दाखवलं. ‘आरोपी सदर दिवशी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी’ ऐकताना तो माझ्या तोंडाकडे विश्वासानं बघत होता. देवळात पोथी ऐकणाऱ्याला पोथी कळावी लागत नाही, तसं. “कबूल?” “व्हय.” अंगठा. खाली माझी ओळ, माझी सही.

गुरुवारी कोर्ट भरलं. मी दाराशी उभा राहिलो. आपली कैफियत वाचली जाताना ऐकायची हौस, दुसरं काय! साहेब मनात वाचत होते. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग धावजीला विचारलं, “काय रे, तुझ्याकडे घड्याळ आहे?”

“न्हाई, सायेब.”

“मग नऊ वाजून वीस मिनिटं कशावरून?”

धावजीनं दाराकडे वळून माझ्याकडे बघितलं.

“ही मिनिटं कुणी सांगितली? अर्जनवीस कोण आहे? बोलवा.”

मी दाराशीच होतो. चार पावलं पुढं गेलो. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. “कोंबडेवाले तुम्हीच ना? या वेळा यानं सांगितल्या, की पदरच्या घातल्यात? खरं सांगा. खाली तुमची सही आहे.”

मला ते क्षण अजून मोजता येतात. परवाना, सतरंजी, पेटी, घरातली पाच तोंडं. एक शब्द बोलायचा होता, “माझ्या.” तो घशाशी आला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण घशाशी आलेला शब्द कोर्टात धरत नाहीत.

तेवढ्यात आरोपीच्या जागेवरून आवाज आला. “म्याच सांगितल्या, सायेब. भाऊंनी मी बोललो तसंच लिवलंय.”

साहेब त्याच्याकडे वळले. “म्हणजे घड्याळ कळतं तुला?”

“व्हय.”

“बरं. किती वाजले सांग.” त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे हात केला.

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पुस्तकं वाचून वाचून मला एक खोड लागली होती, सगळे बघतात तिकडे बघायचं नाही. मी धावजीकडे पाहत होतो. त्याची नजर भिंतीकडे गेलीच नाही. ती गेली दाराबाहेर, उंबऱ्याजवळ आलेल्या सावलीकडे. मग म्हणाला, “बाराला आलं, सायेब. थोडं कमी.”

घड्याळात बाराला दहा कमी होते.

कोर्टात एक हुंकार उठला. शेटजींचा गडी आपल्या शेजाऱ्याला कोपरानं ढोसायला लागला. साहेबांनी मान हलवून काहीतरी टिपलं. धावजीची नजर कुठं गेली होती हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं. पुस्तकातला माणूस अशा वेळी उठतो, बोट रोखतो आणि म्हणतो, थांबा! शंभर वेळा मी ते पान वाचलं होतं आणि शंभर वेळा अंगावर काटा आला होता. त्या दिवशी ते पान माझ्यासमोर उघडं होतं. मी उपरण्यानं तोंड पुसलं आणि मागं सरकलो.

घड्याळाची किंमत जाणणारा, घड्याळ वाचता येणारा डोंगरातला माणूस, बंगल्यावर गेल्याची स्वतःची कबुली, आणि शिकवल्यासारखी घोटीव कैफियत. साहेबांनी निकाल दिला, तीन महिने सक्तमजुरी. चिमाबाई पायरीवर बसून राहिली आणि बोटांवर महिने मोजत राहिली. जेठ, आखाड, सरावन. लावणीचे तेच.

संध्याकाळी सतरंजी गुंडाळताना तात्या म्हणाले, “पुरावा लंगडा होता हो. नुसतं म्या न्हाई म्हणून उभा राहिला असता तरी सुटता.” त्यांनी मुद्दाम टोचलं नव्हतं, त्यांना तसं वाटलं ते बोलले. मी घरी गेलो आणि जेवलो नाही. अर्धी झालेली गोष्ट चुलीत घातली. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, शेवट जमत नाही.

चोरी कुणी केली, हे सांगायचं राहिलं. कुणीच नाही. थंडी पडल्यावर मुंबईला शेटजींचा गरम कोट पेटीतून निघाला, तेव्हा घड्याळ त्याच्या फाटक्या अस्तरात सापडलं. लोणावळ्याच्या हवेला म्हणून नेलेला कोट, खिशाला भोक. शेटजींच्या मुनिमानं कचेरीला दोन ओळींचं पत्र पाठवलं, एवढंच. अशी गोष्ट कुठल्याही मासिकानं साभार परत केली असती.

पण मला छळत होतं ते घड्याळ नव्हे. ‘म्याच सांगितल्या’ असं तो का बोलला? मी किती पुस्तकं पालथी घातली होती! त्यात खोटं बोलणारा प्रत्येक माणूस कशाला तरी खोटं बोलतो: पैशाला, बाईला, भीतीला, जिवाला. या माणसाला खोटं बोलून तुरुंगाखेरीज काही मिळणार नव्हतं. मी कारणं लावून बघितली. घाबरला असेल? घाबरलेला माणूस इतक्या शांतपणे बोलत नाही. मला पुढं उपकारात बांधायचं असेल? मग सुटून आल्यावर माझ्या झाडाखाली आला असता की. तो आलाच नाही. सबंध पावसाळा आणि दिवाळी मी या एकाच रहस्यावर बसून होतो, आणि रस्त्यानं कुणी डोंगरातलं माणूस दिसलं की मान खाली घालत होतो.

पौषात एका सुट्टीच्या दिवशी मी कुरवंड्याला गेलो. वाडी चढून वर आलो तर खाचरं दिसली. निम्म्या खाचरांत भाताचे कापलेले बुडखे होते, निम्म्यांत नुसतं वाळलेलं गवत. चिमाबाईच्यानं जेवढं झालं तेवढं.

धावजी अंगणात बसून कोयत्यानं बांबू तासत होता. मला बघून उठला, घोंगडी अंथरली. “आरं, भाऊ! हिकडं कुटं?” त्याच्या आवाजात कसलीही अढी नव्हती. तुरुंगातल्या जेवणाबद्दल बोलला, तिथं एक पुण्याचा माळी भेटला त्याच्याबद्दल बोलला. चिमाबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा माझ्यापुढं ठेवला आणि पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

मी म्हटलं, “धावजी, एक विचारायचंय. त्या दिवशी साहेबांना म्याच सांगितल्या असं का म्हणालास? तू तर मला एकही वेळ सांगितली नव्हतीस.”

त्यानं कोयता खाली ठेवला. मी काहीतरी अगदीच पोरकट विचारलं, अशी त्याची मुद्रा झाली.

“आता काय भाऊ तुमी बी! तुमी न्हाई का माज्यासाठी खोटं लिवलं? येवढं बैजवार, समदं मनानं जुळवून? मला सोडवायला सोताची सई घातली खाली. कोन करतंय कुनासाठी? आन् सायेब तुमच्याव उलटला, तर म्या गप बसू? तुमची रोजी ग्येली आसती न्हवं!”

सात-आठ महिने शोधत होतो ते हे होतं. एवढं साधं! माझ्यासारख्या माणसाला ते कधीच सुचलं नसतं, कारण मी त्याच्यासाठी एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. ती मिनिटं मला देखणी वाटली म्हणून लिहिली होती. तो त्यात नव्हताच. तिथं दुसरा कुणी असता तरी मी तेच केलं असतं.

हे त्याला सांगायला हवं होतं. त्यासाठीच तर एवढा डोंगर चढून आलो होतो, असं आता वाटतं. मी गुळाचा खडा उचलला, पुन्हा ठेवला.

चिमाबाई दारातून माझ्याकडेच बघत होती. कैफियतीत काय गाळलं गेलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती हळूच म्हणाली, “खरंच का वो भाऊ? ह्यांच्यासाठीच लिवलं व्हतं?”

धावजी हसून म्हणाला, “आगं, मंग काय!” आणि दोघंही माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.

“होय,” मी म्हणालो. “त्याच्यासाठीच.”